दादाचं दुखणं

सुमनताई गेल्याचं मला माझ्या वकिलाच्या फोनवरून कळलं. पुढच्याच वाक्यात तो म्हणाला, मध्यस्थी फसली असं लिहून देऊ, कोर्टात पुन्हा तारीख घेऊ. बाईंना जाऊन एक दिवस झाला नव्हता! मी फोन ठेवून दिला.

राग त्याचा आला, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त स्वतःचा आला. दादावर, म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या भावावर, बाबांच्या उमरेडच्या घरासाठी दावा मीच ठोकला होता. मला घर विकून वाटणी हवी होती. दादाचा हातमाग त्याच घरात, तो कशाला विकू देतो? सहा वर्षं आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात एकमेकांकडे पाठ करून काढली. मग कोर्टानंच आम्हाला सुमनताईंकडे मध्यस्थीला पाठवलं. नागपुरात उभी हयात वकिली केलेली बाई, पण वकिलांना आधी बाहेर बसवायच्या आणि आम्हा दोघांना एकाच बाकावर. त्यांची रीत अशी, की आपलं गाऱ्हाणं नंतर. आधी समोरच्याचं सांगायचं, अन् तो 'बरोबर' म्हणेपर्यंत पुढं सरकायचं नाही. मी सुरुवातच केली, की दादाचं चुकतं कुठं...

"चूक कोणाची, ते मी विचारलंच नाही," ताई म्हणाल्या. "त्याले काय दुखते, ते सांगा."

तीन बैठका झाल्या, मी तिथंच अडलो. तिसऱ्या वेळी तर तणतणत उठलो आणि तुम्ही दादालाच सामील आहात, असं त्यांना तोंडावर सुनावलं. त्यांनी फक्त पुढची तारीख लिहिली. त्यांची माफी मागायची राहून गेली, याची मला फार लाज वाटते.

ताईंनी लिहिलेल्या त्या तारखेला मी एसटीनं उमरेड गाठलं. दादा मागावर होता, त्यानं मान वर केली नाही. मी दारातूनच बोलायला लागलो. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं गू-मूत तू काढलंस, मी नागपुरातून फोनवर सल्ले दिले. आणि त्यांच्या तेरवीच्या पंगती उठायच्या आत मी घराचा भाव काढला... या वेळी थांबायचं नाही, हे घरून ठरवूनच निघालो होतो.

माग थांबला. दादानं हातातला सुताचा धोटा खाली ठेवला.

"बरोबर," तो म्हणाला. "बस आता इथं. तुले काय दुखते, ते मी सांगतो."