शेवटच्या शब्दातला श्वास

“माझा आवाज पुसण्यासाठीच असतो,” सोहेई मिनेगिशी एकदा म्हणाला होता, आणि वर हसलाही होता.

टोकियोलगतच्या कावागुचीत दोन खोल्यांत संसार करत त्यानं उभा जन्म हेच काम केलं. टीव्हीवर नाचणाऱ्या पोरांसाठी नवं गाणं आधी तो गायचा. पोरांना वेळ कुठला? शूटिंगला जाताना गाडीत ती त्याचं गाणं कानाला लावायची, चाल उचलायची आणि मग स्वतः गायची. त्यानंतर सोहेईचा आवाज पुसला जाई. सीडीवर नाव नाही, आणि कुठलं गाणं आपण गायलं, ते घरीसुद्धा सांगायचं नाही.

मार्चमध्ये त्याची बायको युमिए गेली. दहनानंतर लांब काड्यांनी हाडं वेचताना त्यांची मुलगी कानोको हमसून रडत होती. सोहेईचे डोळे मात्र कोरडे.

“भाऊजी, रडून घ्या,” मेहुणी म्हणाली.

“उद्या रेकॉर्डिंग आहे. रडलो की घसा बसतो.”

कानोकोनं ते ऐकलं.

गाणं एका मालिकेचं होतं. त्याचा शेवटचा शब्द होता ‘आलोय’. घरोघरी दारात बूट काढताना म्हणतात, तोच. सोहेई रोज म्हणायचा, आणि आतून युमिए ओ द्यायची, “आलास? ये.” आता माइकसमोर तो शब्द तोंडात आला आणि मधेच श्वास तुटला. हवा ओढून त्यानं उरलेला अर्धा शब्द कसाबसा टेकवला.

“मिनेगिशी-सान, शेवटी घसरलात,” काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणारा हातानो म्हणाला. “परत घेऊ.”

परत घेतलं. परत तिथंच.

“राहू दे. पोरं करतील नीट.”

पोरांनी नीट केलं नाही. चालच तशी असेल, असं समजून त्यांनी श्वासासकट शब्द उचलला. मालिका गाजली. आता कराओकेत शाळकरी पोरीसुद्धा तिथंच श्वास तोडतात.

रविवारी दुपारी कानोको रेकॉर्ड केलेला भाग लावून बसली होती. सोहेई शेजारी नूडल्स खात होता. थोड्या वेळानं त्याला कामावर जायचं होतं.

“पुन्हा तेच? पाठ झालं असेल की.”

“गप्प ऐक, बाबा. आता येईल बघ.”

पडद्यावर रिकुतो नावाचा पोरगा गात होता. शेवटच्या शब्दात त्याचा श्वास तुटला. कानोकोनं बाहीनं डोळे पुसले.

“बघितलंस? त्याचंही कुणीतरी गेलं असणार. त्याशिवाय असं येत नाही.”

“असेल.”

“तुला नसतं जमलं. तू घसा सांभाळत होतास. हा परका पोरगा आईसाठी रडतो, असं वाटतं मला. मला तेवढंच उरलंय.”

सोहेईच्या ओठांवर आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोलून तिला उरलेलं तेवढंही तो हिसकावून घेणार होता. आणि तिनं विश्वास ठेवला नसता तर, मेलेल्या आईसाठीच्या रडण्यावरही बाप आपलं नाव लावतो, असंच ती म्हणाली असती.

कानोकोनं गाणं मागं नेलं. पुन्हा तोच शब्द, तोच श्वास.

त्यानं वाडगा धुतला. घशाच्या गोळ्या खिशात टाकल्या. दारात वाकून बूट घातले. निघताना ‘येतो’ म्हणायची या घराची रीत. आत कानोकोनं आवाज थोडा कमी केला, आणि ती ते ऐकायला थांबली.

पण त्या शब्दातही श्वास तुटला असता, आणि तिनं तो ओळखला असता. सोहेईनं दार हलकेच ओढून घेतलं आणि तो जिना उतरला.