हरेश्वरच्या पंचवीस फेऱ्या

ही हकीकत सांगायचं मी चाळीस वर्षं टाळलं. कधी समोरचा माणूस योग्य नव्हता, कधी वेळ योग्य नव्हती, आणि पुढे पुढे तर कारण शोधायचीही गरज वाटेनाशी झाली. तीन आठवड्यांपूर्वी आंबिवलीहून वैशालीचा फोन आला. "सर, बाबा गेले. सकाळी चहा घेता घेता गेले." वैशाली ही हरेश्वरची मुलगी. रडणं आवरून तिने एक विनंती केली. बाळकुमला त्यांच्या गावकीची शोकसभा होती, तिथे वाचायला मी चार शब्द लिहून द्यावेत. "तुम्ही त्यांचे गुरू..." असं ती म्हणाली. ते चार शब्द मला लिहिता आले नाहीत. म्हणून हे लिहितो आहे.

मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका शाळेत गणित शिकवत असे आणि आमच्या छोट्याशा क्रीडा मंडळाचा चिटणीस होतो. हरेश्वरची आई नौपाड्याच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. एका सकाळी ती आपली कोयती घरी विसरली आणि हा बाळकुमहून ती घेऊन धावत आला. मी शेजारीच भाजी घेत होतो. चार-पाच किलोमीटर धावून आलेला मुलगा, पण छाती भात्यासारखी हलत नव्हती, घाम तेवढा होता. आईच्या हातात कोयती देऊन तो तसाच परत फिरला आणि पुन्हा धावत गेला. मी तिच्याकडे चौकशी केली तर ती वैतागूनच म्हणाली, "याला होडीन बसाला नको, नुसता धावाला पायजे. घेऊन जा तुमच्या शाळेन." बाजूच्या बायका हसल्या. मी मात्र ते मनावर घेतलं.

तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा असेल. पुढची तीन वर्षं आम्ही रोज पहाटे खाडीकाठच्या बांधावर भेटायचो. तो अनवाणी धावायचा, मी मागून सायकलवर, गळ्यात थांबघड्याळ. त्या बांधावर आता उंच इमारती आहेत. भरतीला बांध निसरडा व्हायचा, सायकल घसरून मी दोनदा चिखलात पडलो, आणि दोन्ही वेळा तो मागे न बघता पुढे निघून गेला. नंतर म्हणाला, "सर, तुम्हीच सांगितलेलं, मागं बघायचं नाही." त्याच्या पायांत एक विलक्षण गोष्ट होती. मैदानावर सव्वा मिनिटाला एक फेरी म्हटलं की सव्वा मिनिटाला एक फेरी. पहिली तशी, विसावीही तशी. मी पुष्कळ धावपटू पाहिले, त्यांत माझ्यापेक्षा मोठ्या प्रशिक्षकांच्या हाताखालचेही होते. हे अंगातलं घड्याळ मी दुसऱ्या कोणात पाहिलं नाही. तो राज्याच्या संघात जाणार, खेळाडूंच्या राखीव जागेवर पक्की नोकरी मिळवणार, हे मी त्याच्या वडिलांना घरी जाऊन सांगितलं होतं. खाडीत मासळी राहिली नव्हती आणि त्या घराला दुसरा आधार नव्हता. ते ऐकून वडिलांनी त्याला होडीवरून मोकळं केलं.

१९८४च्या हिवाळ्यात ठाण्यात दहा हजार मीटरची निवड चाचणी झाली. चुन्याने आखलेल्या मैदानावर पंचवीस फेऱ्या. तेव्हा फेऱ्या हातानेच मोजायच्या. प्रत्येक मोजणाऱ्याकडे दोन-तीन धावपटू. आपला माणूस समोरून गेला की घड्याळ बघून कागदावरच्या पुढच्या चौकटीत वेळ लिहायची. खरं तर आपल्याच मंडळाच्या मुलाच्या फेऱ्या मोजू नयेत, पण माणसं कमी होती आणि हरेश्वर माझ्याकडे आला. शर्यत निम्म्यावर असताना प्रमुख पाहुणे उशिराने पोचले. आपल्याकडे पाहुणे आले की आधी सत्कार. शर्यत चालू आहे म्हणून कोण थांबणार? चिटणीस म्हणून शाल-श्रीफळ माझ्याच हातून द्यायचं होतं. माझ्याकडचे बाकीचे धावपटू तेव्हा पलीकडच्या बाजूला होते. मी कागद खुर्चीवर ठेवला, पाहुण्यांना शाल पांघरवली, नारळ दिला, फोटोसाठी क्षणभर थांबलो आणि परत येऊन बसलो. तेवढ्यात हरेश्वर समोरून गेला होता... हे मला तेव्हा कळलंच नाही. पुढच्या वेळी तो आला तेव्हा मी ती वेळ पुढच्या चौकटीत लिहिली आणि मोजत राहिलो.

शेवटची फेरी तो मोठ्या झपाट्याने धावला. त्याच्यासाठी शेवटच्या फेरीची घंटा वाजली नव्हती, तरीही. सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडून तो थांबला, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघून हसला. मी ओरडलो, "अरे, अजून एक!"

"झाल्या सर. पंचवीस झाल्या. मी मोजल्यात."

"चोवीस झाल्यात. पळ!"

तो पळाला नाही. माझ्याशी पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला, पंचवीस म्हणजे पंचवीस. मैदानात वीसेक मुलं, निम्मी फेरीने मागे पडलेली. कोण कितव्या फेरीत हे बघणाऱ्याला कळणं शक्यच नव्हतं. मुख्य पंच आले, त्यांनी मला शांतपणे विचारलं, "तुमचा कागद काय सांगतो?" मी म्हणालो, "चोवीस." त्यांनी त्याच्या नावापुढे शर्यत अपूर्ण असं लिहिलं. कडेच्या घोळक्यातून कोणीतरी म्हणालं, "बोंबील मोजायला बस रे, फेऱ्या तुला जमायच्या नाहीत." सगळे हसले. हरेश्वर मैदानाच्या मधोमध बसून राहिला. उन्हात त्याच्या पाठीवरचं मीठ पांढरं दिसत होतं.

त्याच संध्याकाळी घरी मी तो कागद स्वच्छ उतरवायला घेतला. प्रत्येक चौकटीतून आधीची वेळ वजा केली की सव्वा मिनिट, सव्वा मिनिट, एखाद-दुसरा सेकंद इकडे तिकडे. एकाच चौकटीत अडीच मिनिटं. मी गणिताचा शिक्षक. मला ते समजायला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. हरकत नोंदवायला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुदत होती. मुख्य पंचांचं घर चालत दहा मिनिटांवर. मी उठलो, सदरा घातला, आणि पुन्हा बसलो. राज्य संघटनेच्या पंचांच्या यादीत माझं नाव जाणार होतं. सत्कार करताना फेरी चुकली हे सांगायचं म्हणजे चारचौघांत हसं व्हायचं. मग मी जे केलं ती नजरचूक नव्हती. नव्या कागदावर मी ती जास्तीची सव्वा मिनिटं बाकीच्या फेऱ्यांत वाटून टाकली, प्रत्येक फेरीला तीन-चार सेकंद. कागदावर हरेश्वर चोवीसच फेऱ्या धावला, आणि त्याही हळू धावला. मूळ कागद सकाळी पाणी तापवायच्या बंबात घातला. दुपारी मुदत संपली. आता माझ्या शब्दापलीकडे याचा कसलाही पुरावा उरलेला नाही.

चार दिवसांनी तो घरी आला. हातात सुतळीने बांधलेल्या जिवंत चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे. आमच्याकडे मासळी चालत नाही हे त्याच्या आईला ठाऊक नसावं. माझी पत्नी त्या हलणाऱ्या चिंबोऱ्या बादलीत घेऊन शेजारी कोणाला द्यायच्या या विचारात उभी राहिली. हरेश्वर म्हणाला, "सर, आये बोलली, सरांसमोर आवाज चढवलास, जा, पाया पड. माझंच चुकलं असंल. तुमच्याकडं कागद होता." आणि तो वाकला. मी त्याला उठवलं नाही, अडवलंही नाही. "पुढच्या वर्षी बघू," एवढंच म्हणालो. माझ्या हातून घडलेल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत नीच.

पुढचं वर्ष आलं, पण तो धावपटू आला नाही. सरावाला तो खिशात पंचवीस चिंचोके घेऊन यायचा, दर फेरीला एक टाकून द्यायचा. शर्यतीत दर फेरीला मान वळवून मला विचारायचा, "सर, किती?" जो कधी मागे बघत नव्हता तो आता सतत बाजूला बघत होता. अंगातलं घड्याळ बंद पडलं होतं. तो पाचवा आला, नंतरच्या वर्षी त्याहून मागे, मग आलाच नाही. वडील एकटेच होडीवर जात राहिले. हरेश्वर आंबिवलीच्या बाजूला एका कारखान्यात हमालीला लागला, तिकडेच संसार थाटला. मी मात्र राज्याच्या यादीत गेलो. निवृत्तीपर्यंत शर्यती घेतल्या, निकालांवर सह्या केल्या.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी एकदा ठरवून त्याच्या घरी गेलो. सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच. तो तिशीतच होता, पण पन्नाशीचा दिसत होता. त्याने शेजाऱ्यांना गोळा केलं आणि माझी ओळख करून दिली, "हे माझे सर. चूक झाली तर कबूल करायची, हे मी यांच्याकडून शिकलो." मी चहा घेतला आणि परत आलो...

दहाव्या दिवसानंतर मी आंबिवलीला गेलो. वैशाली म्हणाली, बाबा घरात कधी काही मोजायचे नाहीत. पोळ्या किती खाल्ल्या तेसुद्धा आईला विचारायचे, नातवंडांशी लपाछपी खेळताना आकडे दुसऱ्याला म्हणायला लावायचे. आम्ही हसायचो, म्हणाली. मग ती माझ्याजवळ येऊन बसली. "सर, एक विचारू? शेवटी शेवटी ते सारखं म्हणायचे, मी मोजताना चुकलो कसा. खरंच चुकले होते का हो ते?"

मी त्र्याऐंशी वर्षांचा आहे. गमावण्यासारखं काही उरलेलं नाही. तिचा चेहरा माझ्यासमोर वीतभर अंतरावर होता. आणि मी म्हणालो, "फार वर्षं झाली गं. आठवत नाही."

वैशाली, मला आठवतं. तुझे बाबा चुकले नव्हते. तेराव्या फेरीला मी जागेवर नव्हतो. ते पंचवीस फेऱ्या धावले, पहिले आले, आणि हे माहीत असलेला एकच माणूस गप्प बसला. हे तुझ्या तोंडावर सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं, म्हणून छापून सांगतो आहे. त्यातही भित्रेपणा आहे, तो तुला दिसेलच.

हरेश्वर, तू माझ्या पाया पडलास त्या दिवशी मी खुर्चीवरून उठून तुझ्या पायांशी वाकायला हवं होतं. मी बसून राहिलो.