त्या गायकाला हसलो आणि लागलं मामांना

मंडळी, दुपारपासून जेवण गेलं नाही, म्हणून लिहितोय.

कडा गावात माझा साउंडचा धंदा आहे. आज नवे स्पीकर तपासायला माझ्या कॉलेजपासूनच्या लाडक्या रॉक गायकाच्या ताज्या लाइव्ह कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं. गडी आता सत्तरीपार. शेजारी आमच्याकडचे भीमगीतांचे जुने गायक, दादाराव मामा, चहा पीत बसले होते. दर भीमजयंतीला ते गातात आणि साउंड माझा असतो.

गाण्यात वरचा सूर आला आणि मी हसलो. "मामा, चोरी बघा! सूर लागंना म्हणून याचा माईक बारीक केला अन् कोरस वर घेतला. लई फसवणूक हाय. घरी बसावं की आता!"

मामा कपाकडंच बघत होते. मग हळूच म्हणाले, "माझा माईक कवापासनं बारीक करतूस रे?"

दोन वर्षं झाली. मी कधी बोललो नव्हतो.

मी नुसतं गाणं बंद केलं. मामांनी कप विसळून पालथा ठेवला. "यंदा जयंतीला दुसरा गायक बघ," म्हणाले आणि गेले.

मामांशिवाय जयंती होत नाही, हे खरंच आहे हो. पण आता कुठल्या तोंडानं सांगू?