पेनीच्या तोंडाचं माप

सुलभा मेश्रामला घोड्यांचं काडीचंही वेड नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. वेड होतं ते तिच्या मुलीला. उपासना पंधरा वर्षांची, जन्म इथलाच, अमेरिकेतल्या चँडलरचा. आमच्या बाकीच्या मराठी मुली शनिवारी नाचाच्या क्लासला जायच्या आणि ही गावाच्या टोकाला, कापसाच्या शेतांपलीकडे, रोंडाच्या तबेल्यावर जाऊन लीद उपसायची. त्या बदल्यात रोंडा तिला पेनी नावाच्या तांबूस घोडीवर बसू द्यायची. "एवढा झाडू घरी कधी हातात घेतला असता तर!" असं मी एकदा बोलून गेले. सुलभा हसून म्हणाली, "दीपा, आमच्या घरी घोडी नाही ना यार."

सुलभा मूळची कामठीची. नागपूरहून दातांची डॉक्टर होऊन लग्नानंतर इथे आली, पण इथे प्रॅक्टिस करायची तर सगळं शिक्षण पुन्हा, आणि तेव्हा कडेवर उपासना. म्हणून ती कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये लागली. मला तिच्या वतीने फार राग यायचा. मी तिला जाता-येता गाडीत डिवचायचे, की डॉक्टर असून मेण आणि प्लास्टर काय मळत बसलीस! तिला काही वाटायचं नाही. "अगं, कवळी बोचायला लागली की म्हातारं माणूस जेवण टाकतं," ती म्हणायची. "हे काय लहान काम आहे?"

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत पेनीवर संकट आलं. रोंडाचं पोट टुरिस्टांवर. ते बूट-हॅट घालून वाळवंटात फेरी मारायला यायचे, एका हातात लगाम धरायचे आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा सांभाळायचे. अशा एकहाती स्वारीला घोड्याच्या तोंडात कर्ब बिट लागतं. म्हणजे तोंडात एक आडवी दांडी, तिला गालांच्या बाहेर दोन खाली लोंबणाऱ्या भुजा, आणि हनुवटीखालून एक साखळी. भुजांच्या टोकाला बांधलेला लगाम जरा ओढला की दांडी हिरडीवर दाबते, साखळी हनुवटीला आवळते आणि घोडा थांबतो. पेनी मात्र कर्ब घातला की तोंड वासायची, मान झटकायची, मागे मागे जायची. उपासना साध्या बिटने, दोन हातांनी चालवायची तेव्हा हीच घोडी गाईसारखी गरीब.

"हिचं तोंड खराब झालंय," रोंडा म्हणाली. साठीची, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी बाई. "नऊ वर्षांची घोडी कर्बमध्ये चालत नसेल तर तिला पोसणं मला परवडत नाही. महिनाअखेरीला व्यापारी येईल." असे घोडे व्यापारी कत्तलखान्यात नेतात हे सगळ्यांना माहीत होतं आणि पोरीसमोर कोणी बोलत नव्हतं. पोरीलाही माहीत होतंच. तिचं जेवणावरचं लक्ष उडालं.

मग धर्मराज पुढे सरसावले. धर्मराज म्हणजे सुलभाचे मिस्टर, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. "आमच्याकडे आठ बिट मिळून एक बाइट होतो," ते म्हणाले, "आणि तुमची घोडी एकाच बिटमध्ये बाइट करते!" या विनोदावर ते स्वतःच आठवडाभर हसले. शनिवारी कामावरून मोकळे होताच दुकानात जाऊन त्यांनी एक बिट आणलं. चांदीसारखं चकचकीत, बारीक पिळाची दांडी, लांब नक्षीदार भुजा. "बघ, किती नाजूक आहे! तिला जाणवणारसुद्धा नाही," म्हणाले. खोटं कशाला बोलू, मलाही ते नाजूकच वाटलं. सोनाराने हाती दिलं असतं तर मी गळ्यात घातलं असतं.

उपासना मात्र ते बघून किंचाळली, "बाबा, नो! दॅट्स द वर्स्ट वन!" पण तोवर रोंडाने ते पेनीच्या तोंडात चढवलंही होतं. लगामाला नुसता हात लागला आणि घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. सगळे बाजूला पळाले. रोंडाने तिला कशीबशी आवरून बिट काढलं, तर ओठांच्या कडेला गुलाबी फेस.

सुलभा त्या फेसाकडे बघत राहिली. मग तिने हात स्वच्छ धुतले, बाह्या वर केल्या आणि लेकीला म्हणाली, "हिचं डोकं धर. मला आत बघायचंय."

घोड्याचे पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात, त्यांच्यामध्ये बिनदातांची मोकळी हिरडी असते. दांडी बसते ती तिथे. सुलभाने नेमका तिथे अंगठा घातला आणि हळूहळू चाचपत राहिली. मी दहा हात लांब उभी राहून "बोटं सांभाळ गं" म्हणून ओरडत होते. पेनी आधी थरथरली, मग शांत उभी राहिली. "हिरडीवर जुने व्रण आहेत," सुलभा म्हणाली. "जीभ जाड आहे आणि टाळू अगदी खाली आलेली. तोंडात जागाच नाही बिचारीला." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, पाय पुढे करा जरा." ते नाजूक बिट तिने त्यांच्या नडगीवर ठेवून थोडंसं दाबलं. धर्मराज असे काही ओरडले की शेजारचे घोडेही कान टवकारून बघायला लागले. "हिरडीखाली असंच हाड असतं," ती म्हणाली. "बारीक दांडी म्हणजे सुरी. आपण नाजूक म्हणतो ते डोळ्यांना." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो त्या घोडीने किती वर्षं खाल्ला असेल, या विचाराने मला इतका संताप आला की मी ते बिट उचलून कचऱ्याच्या पिंपात टाकलं.

पुढच्या शनिवारी सुलभा लॅबमधून गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि थर्मासभर गरम पाणी घेऊन आली. मेण मऊ करायचं, जिभेवर आडवं ठेवायचं, तोंड अलगद मिटायचं आणि ठसा घ्यायचा. म्हाताऱ्यांच्या कवळीचं माप घेतात तसंच हे माप. पहिली पट्टी पेनीने खाऊन टाकली. दुसरी अर्धी खाल्ली. रोंडा कुंपणाला टेकून हसत होती. मीही हसले, नाही कशाला म्हणू. तिसऱ्यांदा मात्र ठसा असा सुंदर उठला, की जिभेची जाडी, टाळूचा उतार, हिरडीची रुंदी सगळं त्यात दिसत होतं. तो ठसा डब्यात घालून आम्ही सगळे दुकानात गेलो.

दुकानदार बिट दाखवी आणि सुलभा मेणाशी लावून बघे. मधे उंच कमान असलेली सगळी बिटं तिने बाजूला सारली. ती कमान पेनीच्या खाली आलेल्या टाळूला टोचली असती. अगदी सरळ दांड्यांनी जीभ चिरडली असती. शेवटी तिने जाड, गुळगुळीत दांडीचं एक बिट निवडलं. त्याला मधे जिभेपुरता बुटका, रुंद उंचवटा होता. आता धर्मराज कामाला आले. "भुजा जितक्या लांब तितका जोर जास्त, पहारीसारखं," ते म्हणाले, आणि त्याच दांडीचं आखूड, मागे वळलेल्या भुजांचं बिट त्यांनी शोधून काढलं. हनुवटीखालची साखळी काढून तिथे चामड्याचा पट्टा घेतला. बिट दिसायला इतकं ओबडधोबड होतं, की नळ दुरुस्त करणाऱ्याच्या पिशवीत सहज खपलं असतं.

तबेल्यावर परत येऊन उपासनाने ते पेनीला चढवलं. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात ना, हे सुलभाने बघून घेतलं. घोडी आधी ताठरली. मग जिभेने ती दांडी चघळू लागली, चघळत राहिली, आणि तिने मान खाली सोडली. उपासना बसली, एका हातात लगाम, आणि रिंगणात चालत, मग दुडक्या चालीने फिरून आली. मान एकदाही झटकली नाही. माझे हात आपोआप जोडले गेले.

"पोरीचा हात हलका आहे," रोंडा म्हणाली. "गिऱ्हाइकांना मी शिकवते, ती माझ्यासारखी ओढतात. मी तिच्यावर बसून बघते."

"थांब," सुलभा म्हणाली. तिने बिट पेनीच्या तोंडातून काढलं, दांडी स्वतःच्या दोन्ही मुठींत धरली, लगाम रोंडाच्या हातात दिला आणि डोळे मिटले. "आधी मला थांबव. दुखलं की सांगते."

जन्म घोड्यावर गेलेल्या बाईला असं सांगायला छाती लागते. मला वाटलं, आता रोंडा हाकलून देणार आम्हाला. पण तिने लगाम ओढला. सुलभाच्या मुठी खसकन खाली गेल्या. "दुखलं." रोंडाने पुन्हा ओढला. "दुखलं." पुन्हा. "दुखलं."

"मी तर नेहमीएवढंच ओढतेय," रोंडा म्हणाली.

आपण काय बोललो हे रोंडाच्या लक्षात आलं तेव्हा तिचा चेहरा पार उतरला. तिने पेनीकडे बघितलं आणि खाली बघितलं. मला त्या बाईचा आठवडाभर राग होता, तो तिथे गळून गेला. सुलभाने डोळे उघडले नाहीत. "पुन्हा," ती म्हणाली, लॅबमध्ये नव्या मुलींना सांगते तितक्याच शांतपणे. रोंडा ओढत राहिली, दर वेळी कमी, आणखी कमी. शेवटी तिची नुसती करंगळी वळली आणि सुलभा म्हणाली, "थांबले."

मग रोंडा पेनीवर बसली. एक फेरी, दुसरी फेरी, उलटी फेरी. मधोमध येऊन तिने करंगळी वळवली आणि घोडी थांबली. रोंडाने एक हात पेनीच्या मानेवर ठेवला. डोळे पुसायचीही लाज वाटली नाही तिला. शेवटी खोगिरावरूनच तिने उपासनाला हाक मारली आणि सांगितलं, आत जा, फोनच्या वर भिंतीवर नंबर लिहिलाय, त्या व्यापाऱ्याला फोन कर आणि येऊ नकोस म्हणून सांग. "मी नाही," ती म्हणाली. "तू सांग."

पोरगी धावत गेली. जाळीच्या दारातून तिचा आवाज बाहेर आमच्यापर्यंत येत होता. "नो सर. शी इज नॉट फॉर सेल." बहुधा त्याला पहिल्याच वेळी नीट ऐकू गेलं असणार. तरी ती पुन्हा एकदा, मोठ्याने आणि सावकाश म्हणाली.