लेकीच्या पडद्यावरची लकेर

बँकेतली नोकरी सोडून लेक रेडिओ दुर्बिणीवर संशोधनाला गेली, तेव्हा मी वर्षभर तिच्याशी धड बोललो नाही. परवा दुपारी पहिल्यांदाच तिथे गेलो. तिच्या संगणकाच्या पडद्यावर एक वाकडी लकेर होती. दूरच्या दीर्घिकेतून आलेला, पापणी लवण्याआधीच संपलेला रेडिओ-स्फोट.

"एवढ्याशात काय कळणार?" मी विचारलं.

"बाबा, जास्त वारंवारतेच्या लहरी आधी पोचल्या, कमी वारंवारतेच्या मागून. त्या उशिरावरून वाटेत किती विरळ वायू लागला ते कळतं. आणि लहरींना पडलेला पीळ सांगतो, की उगमापाशी चुंबकीय क्षेत्र जबरदस्त असणार."

बोलताना तिचा चेहरा उजळला होता. इतक्या आनंदात मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पाहायला आलोच कुठे होतो?

मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, "पुन्हा सांग. अगदी पहिल्यापासून."