केसाला धरून

तलावावर तिला सगळे शिट्टीबाई म्हणत, आणि हे नाव काही लाडाने ठेवलेलं नव्हतं. शहराच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर ती जीवरक्षक होती. काठावर उंच खुर्चीत बसायची, गळ्यात शिट्टी, डोक्यावर रंग उडालेली टोपी, आणि चेहऱ्यावर असा भाव की खाली डुंबणारं सगळं गाव तिच्या डोळ्यादेखत नापास झालंय. वयाच्या विशीत ती लांब पल्ल्याच्या शर्यती पोहायची. खांदा निखळला, शर्यती सुटल्या, आणि मग दुसऱ्यांना बुडू न देण्याची नोकरी तिने पत्करली. इतक्या वर्षांत तिने किती जणांना बाहेर काढलं, हे तिने कधी मोजलं नाही. त्यांतल्या फारच थोड्यांनी तिचे आभार मानले. बुडता बुडता वाचलेल्या माणसाला लाज वाटते. तो अंग पुसतो आणि दुसऱ्या दिवसापासून वेळ बदलतो.

तिला कोणाकोणाचा तिटकारा होता ते सांगत बसलं तर संध्याकाळ होईल. पोहता येण्याआधी महागाचा चष्मा विकत घेणारे. पोट आत ओढून सूर मारणारे. पण सगळ्यांत जास्त तिटकारा एकाच जातीचा: पोराला पाण्यात सोडून पाण्याकडे पाठ करून उभे राहणारे आईबाप.

असाच एक बाप त्या दुपारी काठावर उभा होता. घरं विकायचा धंदा. फोन कानाला, दुसरा हात हवेत, कोणाला तरी बाल्कनीतून दिसणारा देखावा समजावून सांगत होता. त्याची सहा-सात वर्षांची मुलगी उथळ भागात खेळत होती. उथळ आणि खोल भागांमधली दोरी सैल पडली होती. ती घट्ट करा, असं शिट्टीबाईने व्यवस्थापकाला कितीदा तरी सांगितलं होतं. मुलगी त्या दोरीखालून सरकली. बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड वर, डोळे उघडे, आणि अजिबात आवाज नाही. शिट्टीबाईने ते पाहिलं आणि खुर्चीवरूनच उडी टाकली. हाताला आधी केस लागले, तिने केस धरले. तशीच ओढत काठाला आणली, वर ढकलली, कुशीवर वळवली. मुलगी पाणी ओकली, खोकली आणि मग तिने मोठ्याने भोकाड पसरलं. ते रडणं ऐकल्यावरच शिट्टीबाई काठावर बसली.

तेवढ्यात बापाचं बोलणं संपलं. तो धावत आला आणि म्हणाला, "अहो, केस काय ओढता? हळू धरता येत नाही का?"

शिट्टीबाई उठली आणि तिने त्याच्या थोबाडीत ठेवून दिली.

वरच्या बाकांवर बसलेल्या एका बाईच्या मोबाईलमध्ये, आपल्या पोराचं पोहणं टिपता टिपता, हे सगळं आलं होतं. तिने ते बापाला पाठवलं, बापाने एका बातम्यांच्या चॅनेलला. आणि त्या रात्री घराघरांत जे दिसलं ते एवढंच: एक दांडगी बाई एका एवढ्याशा पोरीला केसाला धरून पाण्यातून फरफटत नेतेय. पुन्हा. आणि पुन्हा, सावकाश करून. निवेदक चांगला गोमटा, आवाज असा की त्याच्या स्वतःच्याच घराला आग लागलीय. "ही जीवरक्षक की राक्षसीण?" तो विचारत होता. उडी नव्हती, खोकणं नव्हतं, आणि अर्थातच बापाने खाल्लेली थप्पडही नव्हती.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने तलावाच्या फाटकावर कागद चिकटवला: सदर कर्मचारी निलंबित. तिला विचारलं नाही, बोलावलं नाही. ती फाटकाशी उभी राहून वाचत होती तेव्हा हा गृहस्थ खिडकीच्या पडद्याआडून बघत होता. तिने वर पाहताच पडदा पडला. पोलिसांनी चौकीत दिवसभर बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी काही न विचारता जा म्हणून सांगितलं. शेजारीण जिन्यात दिसली की पोराला पोटाशी धरायची, जणू शिट्टीबाई येता-जाता पोरं खाते.

ती भावाच्या घरी, मागच्या खोलीत राहायची. भावाचं पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं. त्याला बहिणीची काळजी होती, दुकानाची जरा जास्त. "ताई, मी एक वकील बघितलाय," तो म्हणाला. "मोठा माणूस आहे. टीव्हीवर असतो."

"म्हणजे त्यांच्यातलाच."

तरी ती भावाबरोबर गेली. त्या वकिलाच्या कचेरीत त्याचेच फोटो लावलेले होते, आणि एकाही फोटोत तो खाली बसलेला नव्हता. त्याने तिला बोलूच दिलं नाही. "पत्रकार परिषद घेऊ. तुम्ही पांढरे कपडे घाला. थोडं रडायचं. बाकी मी बघतो. त्या मुलाच्या आईवडिलांना मी असा उघडा पाडतो की..."

"मुलगी होती," शिट्टीबाई म्हणाली.

"तेच ते."

"तुम्ही ते चित्रण बघितलंत?"

"माझ्या माणसांनी बघितलंय."

ती उठली. भाऊ घरापर्यंत तिच्या मागे कुरकुरत आला, आणि तिने वळूनही पाहिलं नाही.

तलावावर रोज सकाळी एक चष्मेवाला वार्ताहर पोहायला यायचा, एका छोट्या वर्तमानपत्राचा. तो पाणी न उडवता पोहतो, एवढ्याच कारणावरून ती त्याला माणसांत धरायची. तो घरी आला. म्हणाला, "तुम्हाला डरकाळ्या फोडणारा वकील नकोय. नागरिकांचे हक्क आणि छापणाऱ्या-दाखवणाऱ्यांचे कायदे, या दोन्हींत मुरलेली एक बाई आहे. आमच्या संपादकाला तिने तुरुंगातून सोडवून आणलं होतं. आणि पुढे आम्हीच एकाची बदनामी केली, तेव्हा आम्हालाच कोर्टात खेचून पहिल्या पानावर माफी छापायला लावली."

"मग ती कोणाच्या बाजूची?"

"हे आम्हालाही अजून कळलेलं नाही."

चष्मे विकणाऱ्या एका दुकानाच्या वर वकीलबाईंच्या दोन खोल्या होत्या. भिंतीवर एकही फोटो नाही. खुर्च्यांवर फायली, म्हणून बसायला जागा नाही. वकीलबाई सत्तरीच्या, गुडघा दुखरा, समोरच्या स्टुलावर पाय ताणून बसलेल्या. त्यांनी शिट्टीबाईकडे असं पाहिलं की तिला क्षणभर आरशासमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. दुसऱ्याकडे असं तुच्छतेने बघणं हे आपलंच काम आहे, अशी तिची समजूत होती.

"अर्धी हयात मी पेपरवाल्यांना तुमच्यासारख्यांपासून वाचवण्यात घालवली," वकीलबाई म्हणाल्या. "तेव्हा आधी सांगा, त्यांनी खोटं दाखवलं, की खरं दाखवलं पण तुम्हाला झोंबलं?"

"खोटं दाखवलं."

"तुम्ही केस ओढले नाहीत?"

"ओढले."

"मग खरं दाखवलं."

शिट्टीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अर्धं दाखवलं! बुडत होती ती!"

"अर्धी तर प्रत्येकच बातमी असते, बाई. त्यासाठी कोर्ट कोणाला शिक्षा करत नाही. उरलेलं अर्धं त्यांच्या हातात असून त्यांनी मुद्दाम झाकलं, हे मला दाखवता आलं, तर केस उभी राहते. झाकलेल्या भागात काय काय आहे? सगळं सांगा."

शिट्टीबाईने उडी सांगितली, पाणी ओकणं सांगितलं, रडणं सांगितलं.

"आणि?"

"आणि काही नाही."

खाली दुकानात डोळे तपासायला आलेलं कोणीतरी अक्षरं वाचून दाखवत होतं, चुकत होतं, पुन्हा वाचत होतं.

"बापाला एक ठेवून दिली," शिट्टीबाई शेवटी म्हणाली.

"हे सगळ्यांत शेवटी?"

"त्याला काही महत्त्व नव्हतं."

"कोर्टात त्यालाच महत्त्व येईल. आता नीट ऐका. तुम्हाला न विचारता, बाजू न ऐकता निलंबित केलं, ते बेकायदा आहे. तेवढंच लढलं तर नोकरी गुपचूप परत मिळेल आणि थप्पड कोणाला कळणार नाही. चॅनेलला धरायचं तर अख्खं चित्रण मागावं लागेल. मग थप्पडही लोकांपुढे येईल. बाप तक्रार करेल, न्यायाधीश तुम्हालाही बोलतील. ठरवा."

"अख्खं दिसू दे."

"विचार करून सांगा."

"केला."

वकीलबाईंनी पहिल्यांदा कागद पुढे ओढला. "कुठल्याही कॅमेऱ्याशी बोलायचं नाही. माझ्याशी खोटं बोलायचं नाही. आणि कोर्टात असं तोंड करून बसायचं नाही."

"कसं?"

"आत्ता करताय तसं."

नोकरीचा निकाल लवकर लागला. व्यवस्थापकाला न्यायाधीशांनी विचारलं, हिचं म्हणणं ऐकलंत का? तो म्हणाला, टीव्हीवर बघितलं. एवढ्यावरच निलंबन रद्द झालं, पण चॅनेलचं मिटेपर्यंत व्यवस्थापकाने तिला रुजू करून घेणं टाळलं.

चॅनेलचं मात्र रखडलं. चॅनेलच्या वकिलाने बातमीच्या स्वातंत्र्यावर असं भाषण ठोकलं की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या पोरीला त्यांनीच पाण्यातून काढलं. वकीलबाई काठी टेकत उभ्या राहिल्या. "याच स्वातंत्र्यासाठी मी या खोलीत उभी राहिलेली आहे, हे वकीलसाहेब शाळेत होते तेव्हाची गोष्ट. म्हणून त्याची अशी पायपुसणी केलेली मला बघवत नाही. त्यांच्याकडे आलेलं मूळ चित्रण मागवावं, एवढंच माझं म्हणणं."

चॅनेलवाले आधी म्हणाले, आमच्याकडे एवढंच आलं. मग म्हणाले, उरलेलं सापडत नाही. बाकांवरच्या बाईने कधी काय पाठवलं आणि बापाने पुढे काय धाडलं, ते वकीलबाईंनी समोर मांडलं, तेव्हा उरलेलं सापडलं. आणि त्याच्यासोबत बापाचा निरोपही: माझा भाग तेवढा काढा.

कोर्टातल्या पडद्यावर अख्खं चित्रण लागलं. बाप पुढच्या बाकावर होता, शेजारी त्याची बायको. तिला त्याने सांगितलं होतं की आपण पोरीच्या शेजारीच होतो, या बाईने उगाच ओढली. पडद्यावर त्याची पाठ दिसत होती. पाठीमागे पोरीचं तोंड वर, उघडं, आणि तो हात हलवून बाल्कनीचं वर्णन करत होता. ते काही क्षणांचंच होतं, पण संपता संपेना. थपडेचा आवाज झाला तेव्हा मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बायको हसली नाही. तिने पर्स उचलली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

न्यायाधीशांनी शिट्टीबाईला विचारलं, "हात का उचललात?"

"तो पाण्याकडे पाठ करून उभा होता."

"पश्चात्ताप होतो का?"

वकीलबाईंनी काठी जमिनीवर हलकेच आपटली.

"होत नाही," शिट्टीबाई म्हणाली. "पण मारायला नको होतं, हे मला कळतं. मुलगी बघत होती."

चॅनेलने त्याच कार्यक्रमात, त्याच वेळेला, त्याच निवेदकाच्या तोंडून माफी मागायची आणि चित्रण न कापता दाखवायचं, असा हुकूम झाला. शिट्टीबाईने त्या बापाची सगळ्यांसमोर माफी मागायची, असाही झाला. तिने ती मागितली. बापाने दिलदारपणाचा आव आणून मान हलवली. असा माणूस आपल्याला माफ करतो, हे गिळणं तिला सगळ्यांत जड गेलं. पण तिने गिळलं.

माफीचा कार्यक्रम झाला आणि गाव उलटं फिरलं. आता सगळ्यांना ती थप्पडच हवी होती. लोक तेवढाच तुकडा कापून एकमेकांना पाठवू लागले. जिन्यातली शेजारीण पोराला पुढे ढकलून म्हणाली, "काकूंना नमस्कार कर." भावाने दुकानात तिचा फोटो लावला, तो तिने त्याच्यासमोर उतरवून फाडला. ती कामावर परतली तेव्हा व्यवस्थापक गुच्छ घेऊन फाटकावर उभा. त्याच्या खांद्यावरून तिने तलावाकडे पाहिलं. दोरी तशीच सैल होती. गुच्छ त्याच्याच हातात ठेवून ती दोरी आवळायचा पाना आणायला गेली. निवेदकाने स्वतः फोन केला, आमच्या कार्यक्रमात या, म्हणाला. काल राक्षसीण म्हणणारी आणि आज वाघीण म्हणणारी तोंडं एकच होती, आणि दोन्ही वेळा एकाही तोंडाला विचार करायचा त्रास पडला नव्हता. आधी तिला त्यांचा राग तरी यायचा. आता तोही येईना.

काही महिन्यांनी वार्ताहराने पोहून झाल्यावर काठाला टेकत बातमी दिली. त्याच चॅनेलने एका मोठ्या इस्पितळातला गलथानपणा दाखवला होता, सरकारातल्या वरच्या लोकांनी चॅनेल बंद पाडायला घेतलं होतं, आणि चॅनेलच्या बाजूने उभ्या होत्या वकीलबाई.

शिट्टीबाई ओल्या केसांनीच चष्म्याच्या दुकानाचा जिना चढली. "त्यांच्यासाठी? त्या माणसांसाठी?"

वकीलबाईंनी स्टुलावरचा पाय हलवला नाही. "माणसं तशीच आहेत, नालायक. पण या वेळी त्यांनी अख्खं दाखवलंय. मी सगळं तपासलं."

"मला हे पटत नाही."

"पटवून घेऊ नका. मी तुमची वकील होते, मैत्रीण नव्हते."

शिट्टीबाईला खूप काही बोलायचं होतं. त्या कापलेल्या चित्रणाबद्दल, निवेदकाच्या त्या गोमट्या तोंडाबद्दल, स्वतःच्या त्या चौकीतल्या दिवसाबद्दल. समोर वकीलबाई फाइल उघडून वाचायला लागल्या होत्या, जणू खोलीत कोणी नाहीच. शिट्टीबाई खाली उतरली.

पुढच्या आठवड्यात तलावावर येणाऱ्या एका परिचारिकेचा फोटो भलत्याच बातमीखाली छापून आला. ती रडत शिट्टीबाईच्या खुर्चीखाली येऊन उभी राहिली आणि विचारू लागली, तुमची ती वकील चांगली आहे का हो?

"भयंकर बाई आहे," शिट्टीबाई पाण्यावरची नजर न काढता म्हणाली. "आजच जा. आणि जे शेवटी सांगायचं ठरवलं असेल ना, ते आधी सांग."