लेन युरकोनिसचं एक शिफारसपत्र

ब्रॉडगॅप गावच्या हायस्कूलमध्ये लेनर्ड युरकोनिस रसायनशास्त्र शिकवायचा. मी तिथलं वाचनालय सांभाळायचे. त्याची प्रयोगशाळा माझ्या भिंतीला लागून, त्यामुळे बरीच वर्षं मी त्याचं शिकवणं भिंतीपलीकडून ऐकत आले. उंच, थोडा पोक काढून चालणारा माणूस. काही विचारलं की आधी खिडकीबाहेर बघणार, मग उत्तर देणार. मुलं त्याची हुबेहूब नक्कल करायची आणि तो ती मजेत बघायचा.

पानं पिवळी पडायला लागली की बारावीची मुलं शिफारसपत्रांसाठी शिक्षकांच्या मागे लागतात. कॉलेजचा अर्ज कितीही चांगला असो, शिक्षकांची पत्रं वेळेत पोचली नाहीत तर तो अर्धवटच राहतो. आमच्यापैकी बरेचजण जुनं एखादं पत्र काढून नाव बदलायचे, दोन ओळी इकडच्या तिकडे करायचे आणि पाठवून मोकळे व्हायचे. लेनला ते जमायचं नाही. तो मुलाला समोर बसवायचा, घरी कोण कोण असतं विचारायचा, कुठला प्रयोग बिघडवला होता आणि बिघडल्यावर काय केलं होतं ते आठवून लिहायचा. एका पत्राला त्याला आठवडा लागायचा. पण त्याच्या हातून मुदत कधी हुकली नाही.

त्याची आई शर्टाच्या कारखान्यात शिलाई करायची. लेन लहान असताना तिथं मोठा संप झाला आणि आई त्याला बरोबर घेऊन कारखान्याच्या फाटकावर उभी राहायची. शेजारची एक बाई मान खाली घालून कामावर गेली. त्यानंतर लेनची आई तिच्याशी कधी एक शब्द बोलली नाही. त्या बाईचा नवरा खाणीच्या खोकल्यानं गेला, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक घरातून तिच्याकडे जेवण गेलं. युरकोनिसांच्या घरातून गेलं नाही. आमच्या या कोळशाच्या डोंगरांत 'संपफोड्या' यापेक्षा वाईट शिवी नाही. माणूस दारू पितो, बायकोला सोडतो, लोक कधी ना कधी विसरतात. हे विसरत नाहीत.

त्या वर्षी आमचा करार संपून बराच काळ लोटला होता. शाळा मंडळ आरोग्य विम्याचा बोजा आमच्यावर टाकायला बसलं होतं आणि बोलणी पुढं सरकत नव्हती. सप्टेंबरमध्ये अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये युनियनची सभा झाली. संप नको, नियमानुसार काम करायचं, असं ठरलं. म्हणजे घंटा झाली की सगळ्यांनी एकत्र आत जायचं, घंटा झाली की एकत्र बाहेर पडायचं, आणि करारात नाही ते काहीही करायचं नाही. नाटक नाही, बँड नाही, शिफारसपत्रं नाहीत. आमच्या शाळेतला युनियनचा प्रतिनिधी लेनच होता. हात वर करायला त्यानंच सांगितलं. सगळे हात वर गेले, माझाही.

दुसऱ्याच आठवड्यात यारित्सा पेगेरो त्याच्या दारात उभी राहिली. तिचे आईवडील डोमिनिकन प्रजासत्ताकातले. ती लहान असतानाच आई तिला घेऊन इथं आली होती आणि हमरस्त्यालगतच्या गोदामात खोकी भरायचं काम करत होती. यारित्सा दोन वर्षं लेनकडे शिकत होती. वर्ग सुटल्यावर ती प्रयोगशाळेत थांबायची, काचेची भांडी धुवायची आणि धुता धुता त्याच्याशी वाद घालायची. फिलाडेल्फियाकडचं एक कॉलेज गरीब घरच्या मोजक्या मुलांचा सगळा खर्च उचलायचं. त्याची मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेची. इंग्रजीच्या बाईंनी निवृत्त होण्याआधीच तिचं पत्र देऊन ठेवलं होतं. विज्ञानाच्या शिक्षकाचं तेवढं राहिलं होतं.

"सर, तुम्ही हो म्हणाला होतात. मे महिन्यात."

"म्हणालो होतो."

"मग आता?"

लेननं खिडकीबाहेर बघितलं. "आता मी एकटा नाही, यारित्सा. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तुझ्यावर राग म्हणून नाही."

"माहितेय सर, राग नाही ते. राग असता तर मी भांडले असते." ती दप्तर खांद्यावर टाकून निघून गेली.

मुलांच्या अर्जांचं बघणाऱ्या समुपदेशक बाई, मिसेस प्रुइट, रोज कुणाच्या ना कुणाच्या दाराशी दिसायच्या. "लेन, नुसतं एक पान! या मुलीला दुसरी संधी नाही रे." तो म्हणायचा, "हे मंडळाला जाऊन सांगा. त्यांनी सही केली तर दुपारपर्यंत सगळी पत्रं जातील." मंडळाच्या सभेत पालक ओरडले. काही मंडळावर ओरडले, जास्त आमच्यावर.

लेन आणि इतिहासाचा जेरी मॅलॉय एकाच गाडीनं यायचे. तरुणपणापासूनची मैत्री. शिकारीला एकत्र जायचे, एकमेकांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभे राहिलेले. लेननं गाडीत विषय काढला.

"जेरी, ज्यांची मुदत नोव्हेंबरात आहे तेवढ्यांना सूट दिली तर?"

"आणि जानेवारीवाल्यांनी काय पाप केलं?"

"त्यांना वेळ आहे."

"अरे बाबा, दोरीचा एक पीळ सुटला की दोरी राहते का? तुझ्या आईनं काय सांगितलं असतं?"

"आईला मध्ये आणू नकोस."

"का? सभेत तर तूच आणतोस!" जेरी हसला. लेन नाही हसला.

तरीही ऑक्टोबरच्या सभेत त्यानं सूट मागितली. अध्यक्ष डॉना ब्रेझिन्स्की, आमच्याच शाळेत गणित शिकवणारी, उभी राहिली. ठेंगणी बाई, आवाज मात्र हॉलच्या पार टोकाला पोचणारा.

"बँड बंद केला, कुणी विचारलं? नाटक बंद केलं, कुणी विचारलं? पत्रं बंद केली तेव्हा कुठं मंडळवाल्यांच्या घरचे फोन वाजायला लागले. आपल्या हातात तेवढंच आहे. आणि लेन, माझी कोरीन पण बारावीला आहे. तिची पण मुदत एक तारखेलाच आहे. तिनंही तुझ्याकडेच पत्र मागितलं होतं. मी तिला काय सांगितलं असेल, कल्पना कर."

लेनची सूचना पडली. त्याच्या बाजूनं चार-दोन हात वर गेले असतील.

महिना संपत आला. सकाळी आम्ही सगळे गाडीतळावर गोळा व्हायचो, कॉफीचे कप हातात धरून घंटेची वाट बघायचो. थंडी पडू लागली होती. अशा एका सकाळी एक बाई फाटकातून सरळ आमच्या घोळक्याकडे आली. अंगात गोदामाचं केशरी जाकीट, रात्रपाळी करून आलेली. यारित्साची आई, आल्ताग्रासिया. लेनला तिनं बरोबर ओळखलं. तिची इंग्रजी मोडकीतोडकी होती, पण शब्द तिनं घरून जुळवून आणले होते.

"सर, मी पण काम करते. बॉस वाईट असतो, मला ठाऊक आहे. तुमचं बरोबर आहे." ती थांबली. "पण माझी मुलगी रडत नाही. आधी रडायची. आता अर्जाचं नावच काढत नाही. गोदामात माझ्याबरोबर येते म्हणते."

डॉना पुढं झाली, बाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ताई, मंडळाच्या सभेला या. हेच तिथं बोला. आम्ही सगळे तुमच्या मागे उभे राहू."

"सभा कधी आहे?"

"दहा तारखेला."

बाईनं मान हलवली. ती वेडी नव्हती. एक तारीख दहाच्या आधी येते हे तिला समजत होतं. तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही आत गेलो.

मुदतीच्या आधीच्या शनिवारी लेन सकाळीच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. त्याची बायको रोझमेरी हिनं हे मला पुढं सांगितलं. नाश्ता तसाच पडून राहिला. यारित्सा दोन वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर होती, त्यामुळे आठवडा लागला नाही. जेवायच्या वेळेपर्यंत पत्र झालं आणि त्यानं ते कॉलेजला पाठवून दिलं.

"डॉनाला सांगणार आहेस?" रोझमेरीनं विचारलं.

"सोमवारी."

"नाही सांगितलंस तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना."

सोमवारी घंटेच्या आधी त्यानं डॉनाला बाजूला घेतलं. मी शेजारच्याच गाडीतून उतरत होते.

"मी पेगेरोच्या मुलीचं पत्र पाठवलं. प्रतिनिधीपद सोडतोय."

डॉनाचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "आणि कोरीनचं?"

"कोरीनचं नाही."

"का?"

"तिला दुसरे मार्ग आहेत, डॉना. तुम्ही दोघं कमावता. हिला हे एकच होतं."

"हे तू ठरवलंस." ती त्याच्याकडे बघत राहिली. "आख्खा महिना पोरगी जेवणाच्या टेबलावर माझ्याशी बोलत नाहीये. मी तिला म्हटलं, युरकोनिस सरसुद्धा कुणालाच देत नाहीयेत, बघ. सरसुद्धा, म्हटलं मी."

कोरीनच्या अर्जाची मुदत आदल्याच दिवशी उलटून गेली होती.

दुपारपर्यंत सगळ्या शाळेला कळलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी कर्मचारी खोलीतल्या त्याच्या टपालाच्या कप्प्यात कुणीतरी चीजचा तुकडा ठेवला होता, उंदराला ठेवतात तसा; संपफोड्याला आमच्याकडे उंदीरच म्हणतात. लेननं तो कचऱ्यात टाकला, कप्पा ओल्या फडक्यानं पुसला आणि वर्गावर गेला. जेरीनं निरोप पाठवला की उद्यापासून त्याला लवकर निघावं लागणार आहे, तेव्हा गाडी आपापली नेऊ. तो लवकर वगैरे काही निघत नव्हता. गाडीतळावर नेहमीच्याच वेळेला उभा असायचा. लेनही यायचा. घंटेची वाट बघत घोळक्यापासून जरा दूर उभा राहायचा आणि सगळे आत गेले की मागून जायचा. नियम त्यानं शेवटपर्यंत पाळला. त्या एका पत्राखेरीज त्यानं काही केलं नाही. बाकीची मुलं त्याच्याकडे आली तेव्हा त्यांना नाही म्हणाला. ती आता चिडून म्हणायची, "यारित्साला दिलंत की!" आणि त्यांचं चुकत नव्हतं.

डिसेंबरात ती त्याच्या प्रयोगशाळेत आली. दार उघडंच होतं.

"सर, कॉलेजचं उत्तर आलं."

"हं."

"नाही म्हणाले."

लेन स्टुलावर बसला. "पत्र वेळेत पोचलं नाही का? काही राहिलं का माझ्याकडून?"

"नाही सर, सगळं पोचलं होतं. मी फोन करून विचारलं. अर्ज पूर्ण होता, चांगला होता, पण मुलं फार होती, असं म्हणाल्या त्या बाई." ती जरा घुटमळली. "सर, तुमच्याशी कुणी बोलत नाही म्हणतात. माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही."

"मग कुणामुळे?"

त्यानं तिला हातमोजे दिले आणि आठवीच्या मुलांनी घाण करून ठेवलेल्या परीक्षानळ्या दाखवल्या. दोघांनी मिळून त्या धुतल्या. त्या दिवशी भिंतीपलीकडून वाद काही ऐकू आला नाही.

जानेवारीत करार झाला. विम्याचं निम्मं आम्ही गमावलं, निम्मं राखलं. शिफारसपत्रं पुन्हा सुरू झाली आणि उशिराच्या मुदतीवाल्यांना ती मिळाली. कोरीनला हवं होतं ते कॉलेज हुकलं. ती जवळच्याच सरकारी कॉलेजात गेली आणि लग्न करून दूर ओहायोला राहिली. आईकडे ती नाताळलाही क्वचितच येते. यारित्सानं घरून ये-जा करत दोन वर्षांचा अभ्यासक्रम धरला. मधेच आईची पाठ गेली, गोदाम सुटलं, आणि मुलीनं शिक्षण अर्ध्यावर ठेवून इस्पितळातल्या रक्त तपासणीच्या खोलीत नोकरी घेतली. अजून ती तिथंच आहे.

लेन त्यानंतर शाळेत थोडीच वर्षं टिकला. निवृत्त होणाऱ्यांना युनियन जेवण देते. त्याच्या वेळी प्रत्येकाला नेमकं काहीतरी काम निघालं आणि जेवण पुढं ढकललं गेलं ते गेलंच. रोझमेरी गेली तेव्हा मात्र लोक आले. तेवढी रीत आमच्याकडे अजून आहे. जेरी आला, सूट घालून. "चांगली बाई होती," म्हणाला, हात हातात घेतला आणि जाऊन मागच्या बाकावर बसला. लेन वळून वळून त्या बाकाकडे बघत होता. प्रार्थना संपली तेव्हा जेरी निघून गेलेला होता.

मी त्याला एकदा विचारलं होतं. त्याच्या घरामागच्या ओट्यावर बसलो होतो, रोझमेरीच्या पश्चात.

"लेन, पुन्हा तीच वेळ आली तर लिहिशील?"

त्यानं आधी डोंगराकडे बघितलं. मग म्हणाला, "दोन्ही लिहायला हवी होती. नाहीतर एकही नको होतं. एकच लिहिलं ना, तिथं चुकलं." आणि पुढं म्हणाला, "पण यारित्साची आई मुलीसाठी मागायला आली होती गं. डॉना कोरीनसाठी आली नव्हती."

लेंटच्या उपवासांत शुक्रवारी चर्चच्या तळघरात पिरोगी विकायला असतात. सारण भरून उकडलेले, वर लोण्यात परतलेला कांदा. आख्खं गाव रांगेत असतं. लेनही जातो, आता काठी टेकत. टेबलामागे पोलिश बायकांबरोबर डॉना असते. त्याची पाळी आली की ती वर बघत नाही.

"बटाट्याचे की कोबीचे?"

"बटाट्याचे."

ती डबा भरते, झाकण लावते, पुढं सरकवते. तो पैसे ठेवतो आणि बाजूला होतो, आणि ती त्याच्या मागच्या माणसाची चौकशी करायला लागते: गुडघा कसा आहे, नातू चालायला लागला का.